वडोदऱ्याची जीजे०६ वॅगनआर इंदूरला घेतली, आता चेसिस नंबरवर शंका येतेय, काय करू?

रामबागकर
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय, माफ करा, पण डोक्यात नुसता गोंधळ चाललाय.

मागच्या महिन्यात देवास नाक्याकडच्या एका कार बाजारातून जुनी वॅगनआर घेतली. पेट्रोल, आरसीवर मे २०१४, नंबर वडोदऱ्याचा जीजे०६. दोन लाख पस्तीस हजारात ठरली, त्यातले एक पंच्याऐंशी बँकेतून दिले आणि पन्नास हजार कॅश. घेण्याचं कारण म्हणजे बाबांचं डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सातला पोचावं लागतं, आणि रामबागेतून इतक्या पहाटे रिक्षा मिळणं, त्यातून बाबांना उतरवणं-चढवणं, आईचे हाल होत होते.

कागद सगळे बघितले होते. आरसी ओरिजिनल, एनओसी आहे, एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला तर गाडी अॅक्टिव्ह, लोन नाही, चालान नाही. गाडी तर इतकी स्वच्छ की घरचे सगळे खूश. मीटरला ४८ हजार.

विमा संपलेला होता म्हणून नवा काढायला घेतला तर कंपनीचा माणूस फोटो काढायला आला. बॉनेट उघडून पत्र्यावर कोरलेल्या चेसिस नंबरचा फोटो घेतला, परत घेतला, मग बॅटरी लावून बोटाने चाचपत बसला आणि मला म्हणाला, "सर, ये नंबर एक बार आरटीओ में दिखवा लो, मैं अभी पास नहीं कर सकता." नंबर आरसीशी जुळतोय हो, सतराच्या सतरा! पण मी नीट बघितलं तर शेवटच्या सहा आकड्यांतला एक ३ थोडा तिरका आहे आणि दोन्ही ८ बाकीच्यांपेक्षा खोल वाटतात.

नंबर जुळत असेल तर काळजीचं कारण आहे का? की गंजामुळे असं दिसू शकतं? डीलरला फोन केला तर तो म्हणाला "भिया टेंशन मत लो, पुरानी गाड़ी में ऐसा होता है." गाडी अजून माझ्या नावावर झालेली नाही.

—

भंवरकुवा_बॉय
सोमवार, रात्री १०:०५

दादा कागद क्लीन आहेत ना, मग कशाला घाबरता. दुसऱ्या विमा कंपनीची थर्ड पार्टी ऑनलाइन काढा, त्यात फोटो मागत नाहीत, आणि ट्रान्सफरला एजंट धरा, काम होऊन जाईल. अगदीच मनात किंतु असेल तर सहा महिने चालवा आणि विकून टाका.

—

पाटनीपुरा_गॅरेज
सोमवार, रात्री ११:२०

रामबागकर भाऊ, घाई करू नका आणि वरचं तर अजिबात ऐकू नका. मी तीस वर्षं हेच काम करतोय, डेंटिंग-पेंटिंगपासून सुरुवात केली.

नंबर जुळतोय याने काहीच सिद्ध होत नाही. ज्याने पंच मारला त्याच्या हातात आरसी होतीच, तो चुकीचा नंबर कशाला मारेल? बघायचं असतं ते नंबर काय आहे हे नाही, तर कसा उमटलाय ते. कंपनीत हा नंबर मशीन मारतं, सगळे आकडे एका रेषेत, खोली एक, मधलं अंतर एक. हाताने मारणाऱ्याकडे आकड्यांचे सुटे पंच असतात, एकेक ठेवायचा आणि हातोडी मारायची, तिथे एखादा झुकतो, एखादा जास्त बसतो. तुम्ही लिहिलंय तसंच. गंजाने आकडा पुसट होतो, कडा खाल्ल्या जातात, पण गंजाने आकडा तिरका होत नाही आणि खोल तर नाहीच नाही.

उद्या उजेडात बघा. नंबरच्या पट्ट्यावर नख आडवं फिरवा, आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा तो भाग बशीसारखा बसलेला लागतोय का? जुना नंबर काढायला ग्राइंडर फिरवावा लागतो, मग पत्रा तिथे पातळ होतो. दुसरं, रंग. तेवढ्याच तुकड्याला चमक वेगळी, किंवा कडेला मास्किंग टेपची रेघ दिसते का. तिसरं, फ्रिजवर लावतो ते छोटं चुंबक घ्या, खाली पुट्टी भरलेली असेल तर तिथे ते धरत नाही. दुसरा एक प्रकार असतो तो म्हणजे पूर्ण तुकडाच कापून दुसऱ्या गाडीवर वेल्ड करतात, त्यात आकडे कंपनीचेच असतात पण चारही बाजूंनी वेल्डची शिवण सापडते. तुमच्याकडे आकडेच वाकडे आहेत म्हणजे घासून मारलेला प्रकार वाटतोय.

थिनर, पॉलिश पेपर काहीही लावू नका. नुसतं कोरडं फडकं. उद्या लॅबला जायची वेळ आली तर तोच पत्रा तुमचा साक्षीदार आहे.

आणि एक काम नक्की करा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, खाली शिवलेलं लेबल असतं त्यावर बनवल्याची तारीख असते. काचांच्या कोपऱ्यातल्या मार्क्यामध्येही वर्षाचा आकडा असतो. चोर चेसिस नंबर बदलतो, इंजिन नंबर बदलतो, पण सीटबेल्टचं लेबल कोण बदलत बसतंय.

—

रामबागकर
मंगळवार, दुपारी २:१५

काका, बाबांना सोडून आलो आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच सगळं बघितलं. नख लागतंय. चुंबक धरतंय, पण तो पट्टा दबलेला आहे हे नक्की.

सीटबेल्ट. पुढचे दोन्ही, मागचे दोन्ही. चारही लेबलांवर २०१७ आहे. गाडी २०१४ ची ना? एखादा बेल्ट बदलला असता तर समजलं असतं, चारही कोण बदलेल?

आता खरंच घाबरलोय.

—

दांडियाबाजार_वडोदरा
मंगळवार, दुपारी ३:०२

गाडी वडोदऱ्याची आहे म्हणून विचारतो, आरसीवर पत्ता कुठला आहे? इथे टाकू नका, मला मेसेजमध्ये पाठवा. मी दांडिया बाजारात राहतो, स्कूटर काढली की शहरात कुठेही अर्ध्या तासात. मूळ मालकाला भेटून विचारायला काय हरकत आहे.

—

शिंदेछावणी_ताई
मंगळवार, सायंकाळी ६:४५

मी ग्वाल्हेरची, गाड्यांमधलं मला काही कळत नाही, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझी अॅक्टिव्हा महाराज बाड्याजवळून चोरीला गेली होती. बाजारात फक्त वीस मिनिटं गेले असेन. नवऱ्याच्या आजारपणानंतर मी शिकवण्या घ्यायचे, सकाळी लष्करात दोन घरं, संध्याकाळी मुरारला एक, ते सगळं त्या स्कूटरवर होतं. एफआयआर केली. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे चोरीचं काही मिळणार नव्हतं. मुरारचं घर सोडावं लागलं.

चौदा महिन्यांनी ठाण्यातून फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यात एका कॉलेजच्या मुलाकडे सापडली होती, नंबर प्लेट वेगळी, फ्रेमवरचा नंबर वेगळा. त्याने बावीस हजारांना घेतलेली, स्वतः ट्यूशन्स घेऊन पैसे साठवून. लॅबमध्ये खालचा जुना नंबर उठवला तेव्हा माझी ठरली. कोर्टात सुपुर्दगीच्या दिवशी तो मुलगा बाहेर बाकावर बसला होता. माझ्याकडे बघतही नव्हता. त्याची काही चूक नव्हती आणि माझीही नव्हती, आणि दोघांचंही नुकसान झालं, हे मला आजही पचत नाही.

भंवरकुवा भाऊ, तुम्ही "सहा महिन्यांनी विकून टाका" लिहिलंय. म्हणजे तिसरा कोणीतरी त्या बाकावर बसणार. राग नाही तुमच्यावर, पण असं सांगू नका कोणाला.

—

भंवरकुवा_बॉय
मंगळवार, रात्री ८:१०

ताई सॉरी. हा विचार नव्हता केला. मला फक्त दादांचे पैसे वाचावे असं वाटत होतं.

—

दांडियाबाजार_वडोदरा
बुधवार, दुपारी १:३०

जाऊन आलो. पत्ता समा भागातला होता. माणूस खरा आहे, तिथेच राहतो, सज्जन, बसवून चहा दिला. गुजराती कुटुंब, पण माझं आयुष्य इथंच गेलंय त्यामुळे भाषेचा प्रश्न नव्हता.

तर ऐका. गाडी त्यांचीच होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला जो पूर आला, ज्यात निम्मं वडोदरा पाण्यात होतं आणि मगरी रस्त्यावर आल्या होत्या, तेव्हा ती गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन दिवस पाण्यात उभी होती. डॅशबोर्डच्या वर पाणी. विमा कंपनीने टोटल लॉस केली. त्यांनी दिलेल्या फॉर्मवर सह्या केल्या, गाडी कोणीतरी क्रेनने उचलून नेली, पुढचं त्यांना माहीत नाही. आरसी पण त्यांनीच नेली म्हणाले.

मोबाइलमध्ये गाडीचे त्या वेळचे फोटो होते, सीटवर चिखलाचा थर बसलाय. मी ते मागून घेतलेत, तुम्हाला पाठवतो. आणि त्यांनी सांगितलं की शेवटच्या सर्व्हिसला गाडी ७१ हजार किलोमीटर झाली होती, बिल आहे त्यांच्याकडे, जुलै २०२४ चं.

तुमच्या मीटरला ४८ हजार आहेत.

—

रामबागकर
बुधवार, दुपारी २:०५

पण माझ्या गाडीत पाण्याचा मागमूस नाही. मी घेताना तेच तर बघितलं होतं, गुजरातची गाडी आणि तिकडे पूर आला होता म्हणून मुद्दाम कार्पेट उचलून बघितलं, सीटच्या नट-बोल्टला गंज नाही, बेल्टवर चिखलाची रेघ नाही, कुबट वास नाही. त्याच भरवशावर घेतली.

—

निवृत्त_सर्व्हेअर_राजेंद्रनगर
बुधवार, सायंकाळी ५:५०

रामबागकर, तुम्ही बरोबर तपासलंत आणि तुमच्या तपासणीनेच उत्तर दिलंय. जी गाडी दोन दिवस डॅशबोर्डपर्यंत बुडाली तिच्या सीटच्या रुळांना गंज नाही हे शक्य नाही. कार्पेटखालचा गाळ कितीही धुतला तरी वायरिंगच्या जोडांमध्ये, स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात, हेडलाइटच्या आत राहतोच. तुमच्या दारात उभी आहे ती बुडालेली गाडी नाहीच. समाच्या गृहस्थांची गाडी कुठेतरी तुकडे होऊन विकली गेली असणार, तुमच्याकडे आलाय तो तिचा फक्त नंबर आणि कागद.

मी बावीस वर्षं मोटर क्लेमचं काम केलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मालकाला रक्कम मिळते आणि उरलेली गाडी, ज्याला आम्ही सॅल्व्हेज म्हणतो, ती लिलावात जाते. प्रामाणिक खरेदीदार तिचे सुटे भाग विकतो, किंवा खरंच दुरुस्त करतो. पण काही लोकांना ती गाडी नकोच असते. त्यांना हवी असते तिची आरसी. अशा आरसीवर चोरीची नोंद नाही, लोन नाही, काही नाही. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी उचलायची, तिचा नंबर घासायचा आणि सॅल्व्हेजचा मारायचा. म्हणून तर तुम्हाला अॅपवर सगळं हिरवं दिसलं. अॅप कागदाबद्दल खरंच बोलत होतं. पत्र्याबद्दल त्याला काय माहीत?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ आहे, गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर आरटीओला कळवायचं आणि आरसी जमा करायची. हे शंभरातले किती जण करतात ते मी पाहिलंय. क्लेमचे पैसे आले की माणूस गाडी विसरतो. माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे, तुमची गाडी टोटल लॉस झाली तर आरसी रद्द झाल्याशिवाय हातातून सोडू नका, निदान विमा कंपनीला लेखी विचारा की आरसीचं काय करणार. समाच्या त्या गृहस्थांनी काही वाईट केलं नाही, पण तिथे एक सही कमी पडली आणि इंदूरला एका घरावर हे संकट आलं.

अजून एक. एनओसीच्या अर्जाची, म्हणजे फॉर्म २८ ची झेरॉक्स आहे का तुमच्याकडे? त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल छाप असतो.

—

रामबागकर
बुधवार, रात्री ९:१५

आहे काका. फाइलमध्ये होती, मी कधी लक्ष देऊन बघितलीच नव्हती. घरी कागद ठेवून पेन्सिलने माझ्या गाडीचा छाप घेतला आणि शेजारी ठेवला. फॉर्मवरचा ३ वरून सपाट आहे, माझ्या गाडीवरचा ३ वरून गोल आहे. हे बायकोने आधी ओळखलं.

आणि आता खरी अडचण. संध्याकाळी डीलरचा स्वतःहून फोन आला. विमावाल्याकडून त्याला कळलं असावं. म्हणतोय गाडी उद्या घेऊन या, पूर्ण दोन पस्तीस परत देतो, वर पाच हजार त्रासाचे, फक्त आरसी, एनओसी आणि डिलिव्हरी नोट परत द्या. "बात को बढ़ाना मत भिया, घर की बात है."

खरं सांगतो, पैसे मिळतायत तर घेऊन मोकळं व्हावं असं वाटतंय. ते पैसे बाबांच्या एफडीचे होते.

—

पाटनीपुरा_गॅरेज
बुधवार, रात्री ९:३०

जाऊ नका!! गाडी परत गेली की आठवड्यात तिची नंबर प्लेट बदलून धार नाहीतर रतलामला उभी असेल. मी पाहिलेलं आहे.

—

काळाकोट_इंदूर
बुधवार, रात्री ११:४०

धागा आज पहिल्यांदा वाचला. इंदूर जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करतो, जमेल तेवढं साध्या भाषेत लिहितो, पण प्रत्यक्ष कागद घेऊन कोणत्या तरी वकिलाला भेटाच.

आधी तुमची स्थिती समजून घ्या. गाडी चोरीची निघाली तर तुम्ही पैसे दिलेत म्हणून ती तुमची होत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ हेच सांगतं, विकणाऱ्याकडे जी मालकी नव्हती ती घेणाऱ्याला मिळत नाही. हे कटू आहे. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला विकायचा हक्क होता हे गृहीतच असतं, त्यामुळे तुमचे पैसे मागायचा तुमचा हक्क डीलरविरुद्ध पक्का आहे, तो आजही आहे आणि गाडी जप्त झाल्यावरही राहील. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं.

आता उद्याच्या ऑफरबद्दल. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीच्या मालाबद्दल आहे. त्यात "माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना" हे शब्द महत्त्वाचे. सोमवारपर्यंत तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. आज तुमच्याकडे वेगळ्या वर्षाचे चार बेल्ट आहेत, बुडालेल्या गाडीचे फोटो आहेत, न जुळणारा छाप आहे. आता ती गाडी गुपचूप परत करून कागद देऊन टाकणं म्हणजे माल गायब करायला हातभार लावला असं उद्या कोणी म्हणू शकतं, त्याच कलमात तेही आहे. आणि तुमच्याकडे स्वतःला निर्दोष दाखवायला एक कागद उरणार नाही. तो पाच हजार जास्त का देतोय, तर त्याला तीच फाइल हवी आहे.

त्यामुळे उद्या सकाळी डीलरकडे न जाता ठाण्यात जा. लेखी अर्ज द्या, त्यात तारखा, रक्कम, बँकेची एन्ट्री, कॅश दिली तेव्हा कोण हजर होतं, विमावाल्याने काय म्हटलं, बेल्ट, छाप, वडोदऱ्याची माहिती, सगळं. डीलरचा आजचा फोनही लिहा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. ठाण्यात घेत नसतील तर तोच अर्ज लेखी डीसीपी ऑफिसला पाठवा, आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून कमिश्नर पद्धत आहे, आणि तरीही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटचा दरवाजा आहे. आरटीओला, नायता मुंडल्याला, एक प्रत द्या, कारण पत्र्यावरचा नंबर नोंदीशी जुळत नसेल किंवा नोंद खोट्या कागदांवर झाली असेल तर रजिस्ट्रेशन रद्द करायचा अधिकार कलम ५५ खाली त्यांनाच आहे.

अजून एक विचारा त्या डीलरला, किंवा पोलिसांना विचारायला सांगा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, फॉर्म २९सी. तुमच्या गाडीची ती नोंद कोणाच्या नावाने झाली आहे? झालीच नसेल तर तेही अर्जात येऊ द्या.

गाडी जप्त होईल, मनाची तयारी ठेवा.

—

शिंदेछावणी_ताई
गुरुवार, सकाळी ६:५५

रामबागकर भाऊ, रात्रभर तुमचाच विचार होता. काय ठरवाल ते ठरवा, तुमच्या घरची परिस्थिती तुम्हालाच माहीत. फक्त एवढं लक्षात असू द्या की २०१७ ची वॅगनआर कोणाची तरी गेलीय आणि त्याने कुठेतरी एफआयआर केलेली असेल.

—

रामबागकर
गुरुवार, रात्री १०:३०

दिली.

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटत होतं ते म्हणतील पैसे घे आणि सुट. ते म्हणाले, "गाडी लोकांची आहे तर आपल्या दारात कशाला?" आणि पेपर वाचायला लागले.

ठाण्यात पहिला तासभर कोणी नीट ऐकलं नाही, "कागज तो सही है, फिर क्या दिक्कत है" हेच चाललं होतं. मग एक एएसआय आले, वयस्कर, त्यांनी दोन्ही पेन्सिल छाप शेजारी ठेवून बघितले आणि एकदम खुर्ची ओढून बसले. स्वतः बाहेर येऊन नंबरवर बोट फिरवलं. पंचनामा झाला, गाडी जमा. त्यांनी सांगितलं पत्रा सागरच्या लॅबला जाईल. मी विचारलं की घासून टाकलेला नंबर परत कसा येतो, तर म्हणाले वरून घासला तरी पंचाचा दाब खाली धातूत बसलेला असतो, आम्ल लावलं की दबलेला भाग वेगळा खाल्ला जातो आणि आकडे वर येतात. किती दिवस लागतील ते नाही सांगितलं.

गाडी द्यायच्या आधी सामान काढत होतो तर पुढच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात आतून खरवडलेल्या स्टिकरची कड दिसली, निळी, अर्धी अक्षरं, कुठल्या तरी सोसायटीच्या पार्किंगचं असावं. महिनाभर गाडी चालवली आणि दिसलं नव्हतं. त्याचा फोटो काढून त्यांना दाखवला, त्यांनी तो पण पंचनाम्यात घेतला.

डीलरचे सकाळपासून अकरा कॉल. उचलले नाहीत, वकीलसाहेबांनी मेसेजमध्ये तसं सांगितलं होतं.

दांडियाबाजारवाल्या दादांचे आभार कसे मानू कळत नाही. ओळख ना पाळख, माझ्यासाठी समापर्यंत गेलात.

—

दांडियाबाजार_वडोदरा
गुरुवार, रात्री १०:५०

आभार नकोत. त्या गृहस्थांना मी संध्याकाळी परत फोन केला होता, ते इथल्या आरटीओत लेखी द्यायला तयार आहेत. सोमवारी त्यांच्याबरोबर जातोय. इंदूरच्या अर्जाच्या शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो पाठवा, जोडायला लागेल.

—

काळाकोट_इंदूर
गुरुवार, रात्री ११:१५

चांगलं केलंत. आता दोन गोष्टी. डीलरला रकमेसाठी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवू, शनिवारी संध्याकाळी फाइल घेऊन या, फी वगैरेचा विचार करू नका. दुसरं, खरा मालक सापडला आणि त्याने चोरीचा क्लेम आधीच घेतला असेल तर गाडीवर हक्क विमा कंपनी सांगेल, म्हणजे सुपुर्दगीला ते येतील. गाडी ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नये, लवकर ताबा द्यावा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय, गुजरातच्याच एका प्रकरणात. जो कोणी हक्कदार निघेल त्याला ती चालू स्थितीत मिळो.

—

नवीन_सभासद_सुदामानगर
शुक्रवार, सकाळी ९:२०

मी पण याच आठवड्यात जुनी गाडी बघतोय. गाडी पसंत केल्यावर पैसे द्यायच्या आधी नक्की काय करू? कोणी थोडक्यात सांगेल का.

—

पाटनीपुरा_गॅरेज
शुक्रवार, सकाळी ११:००

थोडक्यात सांगायची गोष्ट नाही ही, गाडी घेऊन माझ्याकडे या, बघण्याचे पैसे घेत नाही. तोवर एवढं करा, चेसिस नंबरवरून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला हिस्टरी काढायला सांगा, किलोमीटर आणि शेवटची तारीख बघा. आरसीवरच्या मूळ मालकाशी स्वतः बोला, डीलरने लावून दिलेल्या फोनवर नाही. नंबरात इंग्रजी आय, ओ किंवा क्यू अक्षर दिसलं तर तिथूनच परत फिरा, सतरा आकडी नंबरात ती तीन अक्षरं येत नाहीत. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ब्यूरोच्या, साइटवर चोरीच्या गाड्यांची चौकशी करता येते, आरसीवरचा नाही, पत्र्यावर वाचलेला नंबर टाका. आणि पूर्ण पैसे बँकेतून.

जुन्या गाडीचा नंबर खरंच गंजून गेला असेल तर आरटीओत अर्ज करून, तपासणी होऊन परत पंच करून मिळतो, त्याचा कागद असतो. कोणी म्हणालं "रिपंच आहे" तर तो कागद मागा. कागद नसेल तर गाडी सोडा.

—

भंवरकुवा_बॉय
शुक्रवार, सायंकाळी ७:३५

रामबागकर दादा, आज शुक्रवार होता ना, बाबांना कसं नेलंत?

—

रामबागकर
शुक्रवार, रात्री ८:२०

शेजाऱ्यांनी सोडलं आज. मंगळवारचं बघतो काहीतरी, रिक्षावाल्याशी महिन्याचं बोलतोय.

—

पाटनीपुरा_गॅरेज
शुक्रवार, रात्री ८:४०

रिक्षा राहू द्या. माझ्याकडे ओम्नी उभी असते, दार सरकतं आहे, बसायला-उतरायला त्यांना सोपं पडेल. मंगळवारी सव्वासहाला रामबाग चौकात येतो, घर तिथून सांगा.